उजेडाचं टेबल

आमच्या कारखान्यात एक टेबल आहे, काचेचं,
खालून दिवा असलेलं.
कॉडची फाक त्यावर ठेवली की आरपार दिसतं सगळं:
राहून गेलेला काटा, वेटोळं घातलेला जंत,
रक्ताचा मोहरीएवढा ठिपका.
व्येस्वावा चिमट्यानं एकेक वेचून काढते.
अकरा वर्षं.

मी वरच्या मजल्यावर. दारावर पाटी: मनुष्यबळ.
माझ्या टेबलाखाली दिवा नाही, हीटर आहे.
आइसलंडच्या या टोकाला डिसेंबरात
सूर्य डोंगरामागं जातो तो महिनाभर खाडीत फिरकत नाही.
तेव्हा मी फॉर्म वाटते.
समाधानी आहात का? एक ते पाच.
पोलिशमध्ये, लिथुएनियनमध्ये, तगालोगमध्ये.
आणि सगळ्या भाषांत लोक चारवर फुली मारतात,
कारण चार म्हटलं की कुणी पुढं काही विचारत नाही.
पाच म्हणजे लाडीगोडी. तीन म्हणजे वरून बोलावणं.

सरासरी चार पूर्णांक एक.
हाल्ग्रिमुरनं तिचा आलेख कॉफीच्या यंत्राशेजारी लावला.
त्याच वर्षी साठातली सतरा माणसं गेली.
जाण्याचं कारण: घरगुती.
सतराही जणांचं घरगुती,
जणू सतरा घरं एकाच वाऱ्यानं पडली.

नवी आली. विमानातून उतरून थेट पांढऱ्या गमबुटांत.
हात बसतो तसा डोळाही बसावा लागतो,
आणि तो बसायच्या आत ती निघून जातात.
फ्रान्सहून एक कंटेनर परत आला, सोबत फोटो:
कुणाच्या तरी पोराचं ताट, ताटात काटा.

आम्ही कोटा पाळणारी माणसं.
किती मासा उपसायचा, किती राहू द्यायचा,
अंडी घालायच्या दिवसांत कुठं जाळं टाकायचं नाही,
सगळं लिहिलेलं आहे; खोक्यावर तसा शिक्काही आहे.
माणसं किती उपसायची
ते मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं.

जानेवारीत व्येस्वावा वर आली, राजीनामा घेऊन.
मी फॉर्म पुढं केला. ती म्हणाली, खाली चल.
हातमोजे दिले, चिमटा दिला,
शेजारी उभं केलं. उजेडात आमचे चारही हात निळे.
बराच वेळ नुसते मासे.
मग ती म्हणाली, माशाकडेच बघत:
रविवारी रात्री नऊला मेसेज येतो, उद्या किती वाजता यायचं.
अकरा वर्षं माझा रविवार त्याची वाट बघण्यात जातो.
एर्लिंदाच्या पोरीनं शाळेत व्हायोलिन वाजवलं, तीनदा.
ती एकदाही नव्हती.
पगाराचं नाही गं.

मेसेज पाठवणारी मीच.
तेवढ्यात चिमट्यात एक काटा आला, केसाएवढा.

हाल्ग्रिमुर म्हणाला, बोट येते तेव्हा येते,
समुद्र काय पाळीपत्रक देतो?
म्हटलं, नाही देत. म्हणूनच आपण द्यायचं.
मासा बर्फात एक रात्र थांबेल.
पुढचे तीन आठवडे तो माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलला.
मार्चपासून भिंतीवर कागद लागतो, दोन आठवडे आधी.
कधी चुकतो. चुकला की सांगायला मी स्वतः खाली जाते.

व्येस्वावा गेलीच. ग्दिन्यात तिची आई आहे अंथरुणावर;
हे खरोखरचं घरगुती.
चिमटा एर्लिंदाकडे ठेवून गेली.

या डिसेंबरात सरासरी घसरली: तीन पूर्णांक दोन.
हाल्ग्रिमुर घाबराघुबरा वर आला, आलेख काढून टाकू का म्हणाला.
मी म्हटलं, वर्षभरात चारच माणसं गेलीत, ते मोजलंस का?
आणि फॉर्म चाळत राहिले, हावरटासारखी.
दोन. दोन. तीन. एक, आणि त्यापुढं बरीच खाडाखोड.
कुणीतरी समासात लिहिलंय, नाव न घालता:
डावा बूट गळतो. नंबर अडतीस.

अडतीस नंबरची आमच्याकडे तीन माणसं.
मी तिघांनाही नवे मागवले,
दोन्ही पायांचे.